बाळाचे लोकरीचे दुपटे



आमच्या घरी पौष महिन्यात बाळ येणार होते. म्हणून दिवाळीत आजीने लोकरीचे दुपटे विणायला घेतले. पण आजीला मोतीबिंदू आहे. वीतभर विणून झाल्यावर तिला टाके दिसेनात. ती मला म्हणाली, "पोरा, आता तू विण. मी सांगते." मुलगा असून विणतो म्हणून काही जण हसले. पण मी शिकलो. ते तुम्हाला सांगतो.

साहित्य : ९ नंबरच्या दोन लांब सुया, साधारण पाव किलो मऊ लोकर, कात्री.

कृती : एका सुईवर १२० टाके घालावेत. दुसरी सुई पहिल्या टाक्यात खुपसावी. तिच्यावरून लोकर फिरवून टाक्यातून ओढून घ्यावी व जुना टाका सोडून द्यावा. हा झाला सुलट टाका. दुपट्याच्या सगळ्या ओळी सुलट विणाव्यात. एक ओळ सुलट व एक उलट विणली तर कडा वळतात. सगळ्या सुलट विणल्या की दुपटे सपाट राहते व जाडही होते. आमच्या दुपट्याच्या २४० ओळी झाल्या. १२० × २४० = २८,८०० टाके!

टाका गळला तर : एकदा विणता विणता आजीने दुपट्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "इथं टाका गळलाय." तो बारा ओळी खाली होता. मी म्हणालो, "राहू दे ना आजी, कुणाला दिसतंय?" आजी म्हणाली, "मलाही दिसत नाही. पण बाळाचं बोट अडकेल त्यात." मग बारा ओळी उसवल्या. मला रडूच आले. नंतर आम्ही दोघांनी मिळून टाके पुन्हा सुईवर घेतले.

ऊब कशी येते : दुपटे स्वतः गरम नसते. धाग्यांमध्ये हवा अडकून राहते. ती अंगाची ऊब लवकर बाहेर जाऊ देत नाही.

लोकरीची परीक्षा : दुकानातली सगळीच लोकर मेंढीची नसते. आत्याने चुलीपाशी दोन धागे जाळून दाखवले. घोंगडीच्या धाग्याला केस जळल्यासारखा वास आला व त्याची राख झाली. आमच्या लोकरीचा धागा वितळून त्याचा कडक मणी झाला. म्हणजे ती कृत्रिम धाग्याची होती. ती धुवायला सोपी असते. पण असले दुपटे बाळंतिणीच्या शेगडीजवळ कधीच नेऊ नये. (हा प्रयोग मुलांनी एकट्याने करू नये.)

काळजी : सातव्या दिवशी आशाताई आल्या. त्या म्हणाल्या, "बाळाला ऊब द्या, पण नाक-तोंड झाकू नका." आम्ही तसेच करतो.

मला बहीण झाली. तिला मांडीवर घेतले की आम्ही तेच दुपटे गुंडाळतो. त्यात आजीचा भाग एकसारखा आहे. माझा भाग कुठे सैल, कुठे घट्ट आहे. बाळाला फरक कळत नाही. आजीला मात्र हात लावला की कळतो. मग ती हसते.

ज्यांना विणायला शिकायचे असेल त्यांनी मधल्या सुट्टीत मला भेटावे. मुलांनीही यावे.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी