डायलिसिसचे पाणी आणि रबरी पडद्याचा व्हॉल्व्ह

डायलिसिस विभागास भेट देणारे देणगीदार स्वाभाविकपणे यंत्रांपाशी थांबतात. यंत्राच्या मागे, भिंतीलगत फिरणाऱ्या पाइपाकडे आणि त्यावर बसविलेल्या छोट्या चक्राकार मुठींकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. या मुठींच्या पोटात तळहाताएवढा वा त्याहूनही लहान रबरी पडदा असतो. त्याची निगा कशी राखावी लागते आणि ती राखली नाही तर काय घडू शकते, याची माहिती विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांना व्हावी, या हेतूने प्रस्तुत टिपण लिहिले आहे.

प्रथम पाण्याविषयी. निरोगी मनुष्य आठवड्यात साधारणपणे १४ लिटर पाणी पितो आणि तेही आतड्यांतून गाळून रक्तात उतरते. डायलिसिसच्या रुग्णाचे रक्त मात्र मिनिटाला सुमारे ५०० मिलिलिटर या वेगाने वाहणाऱ्या द्रावणाच्या सान्निध्यात चार तास असते. एका बैठकीस १२० लिटर, आठवड्याच्या तीन बैठकींस ३६० लिटर. या द्रावणाचा बहुतांश भाग पाणीच असतो आणि रक्त व ते यांच्यामध्ये केवळ एक पातळ कृत्रिम पटल असते. पिण्यास योग्य असलेले पाणी या कामास योग्य असतेच असे नाही.

या भेदाची किंमत ब्राझीलमधील कारुआरू शहराने फेब्रुवारी १९९६ मध्ये मोजली. तेथील एका डायलिसिस केंद्रास टँकरने आलेले, पुरेसे शुद्ध न केलेले पाणी वापरण्यात आले. त्यात नील-हरित शेवाळाचे विष होते. १३१ पैकी ११६ रुग्णांना त्रास झाला, १०० जणांची यकृते निकामी झाली आणि त्या वर्षअखेरीपर्यंत ५२ मृत्यू या विषामुळे झाल्याचे नोंदले गेले. त्या घटनेत दोष व्हॉल्व्हचा नव्हता, हे खरे. परंतु उन्हाळ्यात टँकरवर विसंबणाऱ्या आपल्या महाराष्ट्रातील कोणत्याही रुग्णालयाने ती विसरता कामा नये.

नगरपालिकेच्या पाण्यातील क्लोरिन रक्तपेशी फोडते, म्हणून कोळशाच्या गाळणीने ते काढून टाकावे लागते. त्यानंतर आर.ओ. यंत्रणेतून पाणी जवळजवळ क्षारमुक्त होऊन बाहेर पडते. येथेच एक विरोधाभास आहे. पाणी जितके शुद्ध, तितके ते निराधार. कारण जंतूंना अटकाव करणारे क्लोरिन त्यात उरलेले नसते. असे पाणी कोठे थबकले, की पाइपाच्या आतील भिंतीवर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरू लागतो. एकदा जमलेला हा थर रसायनांनाही सहजासहजी दाद देत नाही. त्यातील जिवाणू मेले तरी त्यांच्या कवचातील एंडोटॉक्सिन हे द्रव्य उरते, आणि ते पाणी उकळूनही नष्ट होत नाही. त्याचे अंश रक्तापर्यंत पोहोचले तर रुग्णास यंत्रावर असतानाच हुडहुडी भरते, ताप चढतो, रक्तदाब उतरतो.

म्हणून या पाइपात पाण्याने थांबू नये, हा पहिला नियम. पाणी अखंड फिरते ठेवतात आणि जेथे शाखा फुटते तेथे तिची लांबी शक्य तितकी कमी ठेवतात. कडक मानकांनुसार ती व्यासाच्या दुपटीपेक्षा अधिक नसावी. घरोघरी वापरला जाणारा बॉल व्हॉल्व्ह येथे त्याज्य ठरतो, कारण बंद केल्यावर त्याच्या गोळ्याच्या छिद्रात व सभोवतालच्या पोकळीत पाणी अडकून राहते. डायफ्रॅम व्हॉल्व्हमध्ये अशी पोकळी नसते. त्याच्या तळाशी ओढ्यावरील बंधाऱ्यासारखा एक उंचवटा असतो. मूठ फिरविली की रबरी पडदा खाली येऊन त्या उंचवट्यावर घट्ट बसतो. दांडा, आटे, वंगण हे सारे पडद्याच्या वर राहते, पाण्याला त्याचा स्पर्श होत नाही. ही रचना मूळची रुग्णालयांसाठी नव्हे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत दाबाची हवा व्हॉल्व्हमधून गळून वाया जात असे. त्यावर उपाय म्हणून पी. के. साँडर्स या अभियंत्याने ती शोधली. आज औषधांच्या कारखान्यांतील निर्जंतुक विभागांत हाच व्हॉल्व्ह सर्वत्र दिसतो.

बसवितानाच एक काळजी घ्यावी लागते. आडव्या पाइपावर मूठ अगदी सरळ वर ठेवली, तर त्या बंधाऱ्याच्या मागे थोडे पाणी साचून राहते. म्हणून व्हॉल्व्ह विशिष्ट कोनात कलता बसवितात. चांगले उत्पादक त्यासाठी अंगावर खूण कोरतात. नवख्या प्लंबरला तो वाकडा दिसतो व तो प्रामाणिकपणे सरळ करून ठेवतो!

वापरातील बहुतेक नुकसान मुठीवर अनाठायी जोर लावल्याने होते. पाणी बंद झाल्यावरही आणखी आवळले तर पडदा उंचवट्यावर चेंगरून त्यास चीर पडते. पाना लावून मूठ फिरविणे तर सर्वथा वर्ज्य. वरच्या टोपणाला एक बारीक छिद्र असते. त्यातून थेंब दिसला तर पडदा फाटला आहे असे समजून तो व्हॉल्व्ह त्याच दिवशी उघडावा. ते छिद्र एम-सीलने बुजविणे म्हणजे धोक्याची घंटा काढून ठेवण्यासारखे आहे.

पडदा बदलताना आधी दाब उतरवावा. नवा पडदा ई.पी.डी.एम. रबराचा असेल तर त्यास ग्रीस वा तेल लावू नये. खनिज तेलाने हे रबर फुगते. चारही बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे करून आवळावेत. रबर दाबाखाली बसते व बोल्ट सैल होतात, म्हणून गरम पाण्याच्या पहिल्या फेरीनंतर, पाइप पूर्ण थंड झाल्यावर, ते पुन्हा तपासणे आवश्यक आहे. ही दुसरी तपासणीच सर्वाधिक टाळली जाते, असा अनुभव आहे. पडद्याच्या कानावर छापलेला क्रमांक व बदलल्याची तारीख नोंदवहीत लिहावी.

फाटेपर्यंत वाट पाहू नये, ठरलेल्या मुदतीत पडदा बदलावा, असे आमचे मत आहे. ती मुदत तापमान, रसायन व उघडझाप यांवर अवलंबून असते. वरून धडधाकट दिसणाऱ्या पडद्याच्या आतील बाजूस बारीक भेगा असतात आणि त्या भेगांतच जिवाणू आश्रय घेतात. यंत्रासाठी देणगी मिळते, पाटी लागते. रबराच्या चकतीवर कोणाचे नाव लिहिता येत नाही. यंत्र स्वीकारतानाच विश्वस्तांनी दरवर्षीच्या पडद्यांची व पाणीतपासणीची तरतूद बाजूस काढावी, ही नम्र विनंती.

जंतुनाशनाच्या वेळी द्रावण केवळ मुख्य पाइपातून फिरवून भागत नाही. प्रत्येक शय्येजवळचा व्हॉल्व्ह उघडून त्यातूनही ते वाहू द्यावे लागते. नंतर रसायनाचा अंश उरलेला नाही याची चाचणी झाल्याखेरीज कोणासही यंत्रावर घेता येत नाही. तपासणीसाठी पाण्याचा नमुना पाइपाच्या परतीच्या टोकाकडूनही घ्यावा, कारण वाटेतील दोष तेथे उघड होतो. आयएसओ २३५०० या मानकानुसार दर मिलिलिटरमध्ये जिवाणूंच्या वसाहती १०० पेक्षा कमी व एंडोटॉक्सिन ०.२५ एककापेक्षा कमी असावे लागते. निम्मी मर्यादा गाठली की कार्यवाही सुरू करावयाची असते.

नातेवाईकांसाठी एक सूचना. यंत्रावर असताना रुग्णास थंडी वाजू लागली, तर केवळ पांघरूण घालून बैठक संपण्याची वाट पाहू नये. परिचारिकेस तत्काळ सांगावे. तापाची इतर कारणेही असू शकतात आणि ती डॉक्टर पाहतील. परंतु त्याच दिवशी एकाहून अधिक रुग्णांना हुडहुडी भरली असेल, तर पाण्याचे नमुने घेऊन पाइपावरील एकेक पडदा तपासावा लागतो, आणि त्यासाठी प्रत्येक तक्रारीची वेळ व शय्येचा क्रमांक नोंदलेला असावा लागतो.