राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आणि मराठी चित्रपट

दिनांक १० ऑक्टोबर १९५४ रोजी भारत सरकारने चित्रपटांसाठी पहिले पुरस्कार दिले. १९५३ या वर्षातील चित्रपटांचा त्यासाठी विचार करण्यात आला होता. अखिल भारतीय पातळीवरील सर्वोत्कृष्ट कथापटासाठी ठेवलेले राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्या वर्षी आचार्य प्र. के. अत्रे यांनी निर्माण व दिग्दर्शित केलेल्या ‘श्यामची आई’ या मराठी चित्रपटाला मिळाले. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला गुणवत्ता प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या आठवणींवर आधारलेला, कोकणातील एका दारिद्र्यग्रस्त घराची आणि त्या घरातील माऊलीची कथा सांगणारा हा चित्रपट देशातील सर्व भाषांतील चित्रपटांमध्ये अग्रस्थानी यावा, ही घटना मराठी माणसाला आजही अभिमानास्पद वाटते. मात्र तो मान मराठी चित्रपटाला पुन्हा मिळण्यास पन्नास वर्षे लागली, याची आठवण सहसा कोणी काढीत नाही. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांनी मराठी चित्रपटाला काय दिले आणि काय देणे त्यांना शक्य नव्हते, हे समजून घ्यावयाचे तर या अंतराचा विचार करावा लागतो.

शासन आणि चित्रपट

स्वातंत्र्यापूर्वी शासन आणि चित्रपट यांचा संबंध मुख्यतः दोन खिडक्यांपाशी येत असे. एका खिडकीवर करमणूक कर भरावयाचा आणि दुसऱ्या खिडकीवर चित्रपट तपासून घ्यावयाचा. चित्रपट ही कला आहे आणि तिच्या वाढीची काही जबाबदारी राज्यसंस्थेवर येते, ही कल्पना त्या काळी रुजलेली नव्हती. सन १९४९ मध्ये केंद्र सरकारने स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १९५१ मध्ये सादर झाला. पुढील दीड दशकात चित्रपट वित्त महामंडळ (१९६०), पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेत उभी राहिलेली चित्रपट प्रशिक्षण संस्था (१९६०) आणि पुण्यातच स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (१९६४) या ज्या संस्था निर्माण झाल्या, त्यांच्यामागे या समितीने घडविलेला विचार होता. चित्रपट पुरस्कार हे याच बदललेल्या दृष्टीचे पहिले दृश्य फळ होय. कलागुण व तांत्रिक दर्जा यांच्या जोडीला शैक्षणिक व सांस्कृतिक मूल्य असलेल्या चित्रपटांना उत्तेजन द्यावे, असा त्यांचा उद्देश होता. ‘श्यामची आई’च्या निवडीत या उद्देशाचे प्रतिबिंब स्पष्ट दिसते.

एक शंका येथे उपस्थित होणे स्वाभाविक आहे. शासनाने चांगला चित्रपट कोणता हे ठरविले, तर शासनाला रुचणारेच चित्रपट निघू लागणार नाहीत काय? ही शंका पहिल्यापासून घेतली गेली आहे आणि ती पूर्णपणे फिटली आहे, असे म्हणता येणार नाही. निवड शासकीय अधिकारी करीत नाहीत. चित्रपट व इतर कलाक्षेत्रांतील व्यक्तींची परीक्षक समिती ती करते. वर्षभरात केंद्रीय प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र मिळालेले चित्रपट स्पर्धेस पात्र ठरतात. ते प्रदर्शित झाले आहेत किंवा नाहीत, याला महत्त्व नसते. प्रादेशिक समित्यांनी प्राथमिक निवड करावी आणि केंद्रीय समितीने अंतिम निर्णय घ्यावा, अशी दुहेरी रचना आरंभी होती आणि मधल्या काळातील फेरफारांनंतर ती पुन्हा स्वीकारण्यात आली. परीक्षकांच्या निर्णयावर टीका झाली नाही असे वर्ष विरळाच! तथापि तिकीटबारीवर काय चालले याचा हिशेब न करता केवळ चित्रपट पाहून निर्णय देणारी दुसरी अखिल भारतीय व्यवस्था देशात नाही, हेही तितकेच खरे आहे.

भाषेचा सन्मान

दुसऱ्या वर्षीच या योजनेत एक महत्त्वाची भर पडली. अखिल भारतीय सुवर्णपदकाखेरीज प्रत्येक भाषेतील सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी राष्ट्रपतींचे रौप्यपदक ठेवण्यात आले. १९५४ या वर्षासाठी मराठीतील हे पदक पुन्हा अत्रे यांच्याच ‘महात्मा फुले’ या चित्रपटाने पटकावले. बाबूराव पेंढारकर यांनी त्यात जोतिरावांची भूमिका केली होती.

भाषावार पदकांचे महत्त्व मराठीच्या बाबतीत अधिक आहे. बंगाली चित्रपट कलकत्त्यात तयार होतो आणि तेथे तो आपल्या घरात असतो. तमिळ चित्रपटाला मद्रासमध्ये तोच अनुभव येतो. मराठी चित्रपटाची स्थिती निराळी आहे. दादासाहेब फाळके यांच्यापासून ज्या मुंबई-नाशिक-पुणे-कोल्हापूर पट्ट्यात भारतीय चित्रपट वाढला, त्याच पट्ट्यातील मुंबई पुढे हिंदी चित्रपटाची राजधानी झाली. परिणामी मराठी निर्मात्याला स्वतःच्या घरातच प्रचंड भांडवल असलेल्या पाहुण्याशी स्पर्धा करावी लागते. स्टुडिओ तेच, तंत्रज्ञ तेच, चित्रगृहेही तीच. प्रेक्षकालाही हिंदी उत्तम समजते. अशा परिस्थितीत केवळ मराठी चित्रपटांची आपसांत तुलना करून दिलेले पदक हा एक निवारा होता. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) आणि भालजी पेंढारकर यांचा ‘साधी माणसं’ (१९६५) या चित्रपटांना ही पदके मिळाली, त्या काळात मराठी निर्मिती टिकून राहण्यामागे अशा मान्यतेचा वाटा होता. ‘पाठलाग’वरून पुढे ‘मेरा साया’ हा हिंदी चित्रपट निघाला, ही गोष्ट घर आणि पाहुणा यांच्या नात्यावर पुरेसा प्रकाश टाकते.

फाळके यांच्या नावाचा पुरस्कार

सन १९६७ च्या चित्रपटांपासून कलावंत व तंत्रज्ञ यांना स्वतंत्र पुरस्कार देण्यास प्रारंभ झाला. अभिनयाचे पहिले दोन पुरस्कार उत्तमकुमार आणि नर्गिस यांना मिळाले. लवकरच आणखी एक सन्मान सुरू झाला. दादासाहेब फाळके यांची जन्मशताब्दी १९७० मध्ये येत होती. तिचे औचित्य साधून चित्रपटसृष्टीतील आजीवन कार्यासाठी १९६९ या वर्षापासून त्यांच्या नावाचा पुरस्कार ठेवण्यात आला. पहिल्या मानकरी देविका राणी होत्या.

त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या फाळके यांनी विम्याची पॉलिसी तारण ठेवून लंडनची वाट धरली, चित्रपटाचे तंत्र शिकून यंत्रसामग्री आणली आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे ठेवला. त्यांचा अंत मात्र १९४४ मध्ये नाशिकला, चित्रपटसृष्टीपासून दूर, विपन्नावस्थेत झाला. ज्याच्या नावाने आज या क्षेत्रातील सर्वोच्च सन्मान दिला जातो, त्याच्या हयातीत त्याला सन्मानाचा एक कागदही देणारी यंत्रणा देशात नव्हती. व्ही. शांताराम, दुर्गा खोटे, लता मंगेशकर, भालजी पेंढारकर, आशा भोसले ही या पुरस्काराच्या मानकऱ्यांतील नावे वाचताना महाराष्ट्राच्या कलाजीवनाचा आलेखच समोर येतो. भालजींना तो १९९१ या वर्षासाठी मिळाला. त्या वेळी त्यांचे वय नव्वदीच्या पलीकडे गेले होते.

पन्नास वर्षांचे अंतर

‘श्यामची आई’नंतर सुवर्णपदक बंगाली, मल्याळम, कन्नड, हिंदी अशा अनेक भाषांकडे गेले. तिसऱ्याच वर्षी ते पश्चिम बंगाल सरकारच्या आर्थिक साहाय्याने पूर्ण झालेल्या सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ला मिळाले. मराठी मात्र भाषावार पदकांपुरती राहिली. महाराष्ट्रात त्या दर्जाची प्रतिभा नव्हती काय? पुरस्कारांच्या याद्या बारकाईने पाहिल्यास निराळे उत्तर मिळते. १९७६ च्या ‘मंथन’साठी सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार विजय तेंडुलकर यांना मिळाला. स्मिता पाटील यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान दोनदा मिळाला. त्यांपैकी ‘भूमिका’ (१९७७) हा चित्रपट हंसा वाडकर यांच्या मराठी आत्मकथनावर आधारलेला होता आणि ‘चक्र’ (१९८०) जयवंत दळवी यांच्या कादंबरीवर. ‘अर्धसत्य’ (१९८३) हा हिंदीतील सर्वोत्कृष्ट ठरलेला चित्रपट श्री. दा. पानवलकर यांच्या मराठी कथेतून आणि तेंडुलकरांच्या पटकथेतून उभा राहिला. हे सारे चित्रपट हिंदी होते. कथा मराठी, लेखक मराठी, अभिनेत्री मराठी आणि चित्रपट मात्र हिंदी, असा तो व्यवहार होता. ज्या दिशेने भांडवल आणि बाजारपेठ, त्या दिशेने प्रतिभा गेली, यात नवल नाही. डॉ. जब्बार पटेल यांनी ‘सामना’, ‘जैत रे जैत’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ अशा चित्रपटांतून मराठीत निष्ठेने काम केले आणि भाषेतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान पुनःपुन्हा मिळविला. पण एकट्याच्या खांद्यावर उद्योग उभा राहत नाही. १९७५ मध्ये राज्य शासनाने मराठी चित्रपटांसाठी करमणूक कर परतीची योजना आणली, तिच्यामागे हीच जाणीव होती. त्या योजनेमुळे मराठी चित्रपटांची संख्या वाढली. दर्जा मात्र त्या प्रमाणात वाढला, असे म्हणणे धाडसाचे होईल.

ही कोंडी २००३ या वर्षासाठीच्या पुरस्कारांत फुटली. संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ला सर्वोत्कृष्ट कथापटाचे सुवर्ण कमळ मिळाले. डोळ्याच्या कर्करोगामुळे दृष्टी गमावणार असलेला कोकणातील एक लहान मुलगा आणि त्याला शेवटचे जग दाखविणारे आजोबा, एवढीच त्याची कथा. आजोबांची भूमिका करणारे अरुण नलावडे हे निर्मात्यांपैकीही एक होते. कुठल्याही मोठ्या पेढीचे भांडवल या चित्रपटामागे नव्हते. ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून त्याची निवड झाली, तेव्हा परदेशातील प्रसिद्धीच्या खर्चासाठी महाराष्ट्रातील सामान्य प्रेक्षकांनीही वर्गणी दिली. पुढे ‘देऊळ’ (२०११), ‘कोर्ट’ (२०१४) आणि ‘कासव’ (२०१६) यांनी हेच सुवर्ण कमळ मिळविले. ‘देऊळ’ला ते ब्यारी भाषेतील ‘ब्यारी’ या चित्रपटासह विभागून मिळाले. २०१२ च्या ‘धग’साठी शिवाजी लोटन पाटील यांना दिग्दर्शनाचा, तर उषा जाधव यांना अभिनयाचा पुरस्कार लाभला. स्मशानात काम करणाऱ्या कुटुंबाची ती कथा होती. पन्नास वर्षांत एकदाही न मिळालेला मान तेरा-चौदा वर्षांत चार वेळा मिळाला, आणि तोही मराठीत बोलणाऱ्या, मराठी मातीतील माणसांच्या कथांना.

पदकानंतर

पुरस्कार मिळाल्यानंतर चित्रपटाचे पुढे काय होते, हा प्रश्न उरतोच. आकाशवाणी व वृत्तपत्रांतून बातमी येते, सत्काराचे कार्यक्रम होतात. परंतु चित्रपट प्रेक्षकांपर्यंत पोहोचविण्याची कोणतीही हमी पदकाबरोबर येत नाही. रोख रक्कमही निर्मितीखर्चाच्या मानाने अल्प असते. सत्तराव्या पुरस्कारांपासून तीत वाढ होऊन सुवर्ण कमळासाठी ३ लाख रुपये आणि रजत कमळासाठी २ लाख रुपये झाले, तरी आजच्या दरात चित्रीकरणाचे मोजके दिवसही त्यात भागणार नाहीत.

एके काळी या उणिवेवर दूरदर्शनने एक साधा उपाय केला होता. १९८० च्या दशकात रविवारी दुपारी निरनिराळ्या भाषांतील पुरस्कारप्राप्त चित्रपट राष्ट्रीय प्रक्षेपणातून दाखविले जात. त्यामुळे नागपूर वा सांगलीच्या घरात बसून लोकांनी असमिया आणि मल्याळम चित्रपट पाहिले, तसेच मराठी चित्रपटही दूर आसामात आणि केरळात पोहोचले. जेवणानंतरच्या सुस्तीत लागणाऱ्या या ‘संथ’ चित्रपटांची चेष्टाही पुष्कळ झाली. तरीसुद्धा एका संपूर्ण पिढीला परभाषेतील चित्रपट पाहण्याची सवय लावणारा तो एक मोठा वर्ग होता, आणि तो बंद झाल्यावर त्याची जागा तितक्या व्यापक प्रमाणावर दुसऱ्या कशानेही घेतली नाही.

‘कोर्ट’च्या बाबतीत पुरस्कार मार्च २०१५ मध्ये जाहीर झाला आणि चित्रपट पुढच्याच महिन्यात प्रदर्शित झाला. न्यायालयातील कंटाळवाण्या कामकाजाचे तटस्थ चित्रण करणाऱ्या, प्रसिद्ध नट नसलेल्या या चित्रपटाकडे प्रेक्षक वळला, यात त्या ताज्या बातमीचा मोठा भाग होता. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला एप्रिल २०१७ मध्ये सुवर्ण कमळ जाहीर झाले आणि चित्रपट ऑक्टोबरमध्ये चित्रगृहांत आला. मधल्या सहा महिन्यांत बातमी शिळी झाली होती. पदकाचा प्रकाश प्रखर असला तरी तो फार काळ टिकत नाही, आणि तो असेपर्यंत चित्रगृह मिळविणे हे ज्याच्यापाशी वितरणाचे बळ आहे त्यालाच साधते. आपल्या राजधानीतच चित्रगृहासाठी थांबावे लागणाऱ्या मराठी निर्मात्याला हे सर्वांत कठीण जाते.

२०२३ या वर्षासाठीचे एकाहत्तरावे राष्ट्रीय पुरस्कार सप्टेंबर २०२५ मध्ये नवी दिल्लीत प्रदान करण्यात आले. त्यांत ‘नाळ २’ हा सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरला आणि पदार्पणातील दिग्दर्शनाचा पुरस्कार ‘आत्मपॅम्फ्लेट’साठी आशिष बेंडे यांना मिळाला. मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून सुजय डहाके यांच्या चित्रपटाची निवड झाली. साने गुरुजींच्या त्याच आठवणींवर आधारलेल्या आणि रंगीत चित्रणाच्या काळात मुद्दाम कृष्णधवल चित्रित केलेल्या त्या चित्रपटाचे नाव ‘श्यामची आई’ होते. या वेळी त्याला मिळाले ते रजत कमळ.