कॅमेरा चालू आहे, पण चित्रण उरते का?

कामोठ्याच्या इमारतींत खाली दुकाने, वर घरे. कॅमेऱ्याचा दिवा दिसला की दुकानदार बंधू निर्धास्त होतात. मात्र मालाची तूट महिनाअखेरच्या मोजणीत कळते आणि तोवर चित्रण पुसले गेलेले असते.

हिशेब असा : सेकंदाला २ मेगाबिट वेगाने सतत चित्रण करणाऱ्या एका कॅमेऱ्याला दिवसाला सुमारे २१.६ जीबी जागा लागते, चार कॅमेऱ्यांना सुमारे ८६. म्हणजे १ टीबीची डिस्क ११-१२ दिवसांत भरते. मग जुन्यावर नवे चढते. महिनाभराचे हवे असेल तर ४ टीबीची डिस्क घ्यावी.

दरमहा प्रत्येक कॅमेऱ्याचे सर्वांत जुने चित्रण उघडून तारीख पाहावी. घड्याळ ताडून घ्यावे. यंत्रातला छोटा सेल संपला की वीज गेल्यावर वेळ चुकते. खाडीच्या खाऱ्या हवेने वायरींचे जोड गंजतात, ते पावसाळ्याआधी व नंतर तपासावेत.

चोरी झाल्यास त्याच दिवशी प्रत काढावी व मूळ यंत्र जपावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे न्यायालयात प्रतीसोबत प्रमाणपत्र लागते. घड्याळ चुकीचे असेल, तर खरे चित्रणही वादात सापडते.