गिटार घेतलेल्या भाचीला

चि. बायडीस,


गिटार घेतल्याचं तू आधी मला सांगितलंस आणि तुझ्या बाबाला, म्हणजे आमच्या दादाला, नंतर, त्यामुळं त्याचे फोन आता मला येतात. पोरीला पुण्याला शिकायला धाडलं, ती तीन मुलींचा बँड काढून बसली, आता गावात, पालीत, काय तोंड दाखवू, असा सगळा सूर. त्याचं मी बघते. तुला लिहायचं कारण वेगळं आहे. तू पाठवलेली तिन्ही गाणी ऐकली. दोन इंग्रजी, दुसऱ्यांची. ती तुम्ही झोकात वाजवता. तिसरं तुझं स्वतःचं, मराठी. आणि नेमकं तेच तू सगळ्यात हळू गायलीस. शब्द गिटारच्या आवाजामागं दडवलेस. शाळेत संगीत शिकवण्यात माझा जन्म गेला, हे दडवणं मला लगेच ऐकू येतं.

तुझ्या आजीला तू जात्यावर बसलेलं पाहिलं नाहीस. मी पाहिलंय. पहाटे अंधारात दोघी जावा समोरासमोर बसायच्या, खुंटा फिरायचा आणि ओवी सुरू व्हायची. भाऊ, माहेर, सासुरवास, सीतेचा वनवास, सगळं तिच्यात यायचं. एकाच ओवीची चाल एका बाईच्या गळ्यावर एक असायची आणि दुसरीच्या गळ्यावर दुसरी. हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइटवाँ या दोघांनी मुळशी, मावळ, वेल्हे, भोर या आपल्याच डोंगरपट्ट्यापासून सुरुवात करून महाराष्ट्रभरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. गावोगावच्या बायकाच त्यांना ओव्या सांगत होत्या. पुढं बर्नार्ड बेल यांनी कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. त्या संग्रहातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की ओवीसोबत गाणारीचं नाव आहे आणि तिच्या गावाचंही. एरवी ‘लोकगीत’ असा शिक्का मारला की रचणारी बाई कायमची पुसली जाते.

आता इथं लोक एक गोड गोष्ट सांगतात. ओवी म्हणजे बाईचं मोकळं होणं, जुन्या बायका किती सुखी होत्या वगैरे. ते काही मला पटत नाही. जातं ओढून तुझ्या आजीचे खांदे कायम दुखायचे. गिरणी आली तेव्हा तिला हायसंच वाटलं. आणि तिला मनातलं म्हणता आलं ते एवढ्यासाठी, की त्या वेळी घरातले पुरुष झोपलेले असायचे. जागे असले तरी जात्याच्या घरघरीत शब्द कोण ऐकतो? सासूबद्दल जे ती जात्यापाशी म्हणाली, ते दिवसाउजेडी ओसरीवर कधी म्हणाली नाही. कुणी ऐकणार नाही या अटीवर तिला आवाज मिळालेला होता. तुझ्यावर ती अट नाही. तुझ्यासमोर माइक आहे, अँप्लिफायर आहे, आणि तरी तू जात्याच्या आडोशाला बसल्यासारखी गातेस. माझी तक्रार एवढीच आहे.

रॉक आपलं नव्हे, असं दादा म्हणतो. तुला पॉवर कॉर्ड शिकवली ना? ती म्हणजे षड्ज आणि पंचम, गंधार गाळून. डिस्टॉर्शनमध्ये गंधार वाजवला की तो घाण करतो, सा आणि प मात्र खणखणीत उभे राहतात. आपल्या तंबोऱ्यावर तरी दुसरं काय वाजतं? गौरीला फुगडी घालताना बायकांच्या पायांचा जो ठेका पडतो, तो तुमच्या ड्रमवालीनं एकदा येऊन ऐकावा. मात्र म्हणून गाण्यात उगाच संबळ आणि तुतारी घुसवू नका. गावाकडचं दिसावं म्हणून चिकटवलेलं लगेच कळतं.

भाषा मात्र पालीची ठेव. इंडोनेशियात पश्चिम जावामधल्या गारूतच्या तीन मुली आहेत, व्हॉइस ऑफ बाचेप्रोट नावाचा त्यांचा बँड. खेड्यातल्या, डोक्यावर हिजाब, आणि वाजवतात मेटल. २०१४ मध्ये शाळेत असतानाच त्यांनी सुरुवात केली. गावात विरोध झाला. पण शाळेतला एक शिक्षक त्यांच्या बाजूनं उभा होता. इंग्रजीसोबत त्या आपल्या सुंदानी बोलीत गात राहिल्या, आणि २०२४ मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात त्यांनी वाजवलं. आपल्याकडं बघायचं तर मधुरा घाणे बघ, माही जी या नावानं रॅप करते. महादेव कोळी समाजातली मुलगी, जंगलावर आणि आपल्या माणसांवर स्वतः लिहिते. मुंबईत प्रतिका प्रभुणे आधी मेटल बँडमध्ये बास वाजवायची, आता वाइल्ड वाइल्ड वुमेन या बायकांच्या रॅप गटात आहे. यातल्या कुणाची नक्कल करायची नाही, फक्त ऐकायचं.

श्रीनगरचंही सांगते, कारण ते तुला ठाऊक असायला हवं. तीन शाळकरी मुलींचा ‘प्रगाश’ नावाचा बँड डिसेंबर २०१२ मध्ये एका स्पर्धेत वाजला आणि गाजला. फेब्रुवारी २०१३ मध्ये मुफ्तींनी फतवा काढला, इंटरनेटवर धमक्या आणि गलिच्छ शिव्या आल्या, मुलींनी बँड बंद केला. खुद्द मुख्यमंत्र्यांनी त्यांची बाजू घेतली होती, तरी निभावलं नाही. दूरचा मोठा माणूस पाठीशी असून भागत नाही, रोज दिसणारा लागतो. गारूतच्या मुलींना तो शाळेत मिळाला. म्हणून सांगते, दादाला टाळू नकोस. मी तुझी वकिली करीन, पण गाणं तूच त्याला ऐकव, आणि मराठीच ऐकव. ऐकून तो गप्प बसला तर समज पटलंय. न पटलं तर तो बोलल्याशिवाय राहत नाही.

पैशाचं बोलायला लाजू नका. विठाबाई नारायणगावकर आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या. ऐन तमाशात पोटात कळा आल्या, आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही त्यांची गोष्ट सगळे अभिमानानं सांगतात. मला ती ऐकताना अभिमानापेक्षा राग जास्त येतो. कुणीतरी खेळ थांबवायला हवा होता! राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झालेल्या या बाईचे शेवटचे दिवस पैशाच्या ओढाताणीत गेले. २००२ मध्ये त्या गेल्या. आता सरकार त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. तेव्हा ‘नाव होईल, फुकट वाजवा’ म्हणणाऱ्याला विचारायचं, मांडववाल्याला किती दिले? कागदावर सही करण्याआधी मला दाखव. शब्द आणि चाल तुझी असेल तर २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा तुझ्या बाजूनं बराच बोलतो. ध्वनिमुद्रणाच्या मालकाला हक्क दिले तरी रॉयल्टीतला तुझा वाटा काढून घेता येत नाही. आणि जिथं गाणं जाईल तिथं खाली तिघींची नावं, त्यापुढं गावंही. ‘पाली, ता. राजगड (वेल्हे)’ लिहायला कमीपणा वाटला तर माझ्याकडं येऊ नकोस.

कानाचं ऐक. शंभर डेसिबलच्या आवाजात पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ उघड्या कानानं थांबू नये असं मानतात, आणि बंद खोलीत ड्रम तेवढा आवाज सहज करतो. औषधाच्या दुकानात कानात घालायचे बोळे मिळतात, तिघींनी घ्या. बोटांना घट्टे पडेपर्यंत दुखेल, त्याला इलाज नाही. रात्री दहानंतर वाजवू नका. शेजारच्या काकूंशी भांडण काढून कुणाचं सबलीकरण होत नसतं.

मराठी गाण्याचं दुसरं कडवं काढून टाक, ते भाषण झालंय. ‘स्त्रीशक्ती’ हा शब्द तू घरात कधी उच्चारलास? पहिल्या कडव्यात एसटी चुकल्यावर नसरापूर फाट्यावर उभी राहिलेली मुलगी आहे, बघणारी माणसं आहेत, तिचा आलेला राग आहे. तो राग पुढं ने. त्या बघणाऱ्यांना तिला काय म्हणायचं होतं ते लिही, आणि मग ते तोंड माइकजवळ नेऊन म्हण. नवं ध्वनिमुद्रण रविवारपर्यंत पाठव. अँप्लिफायरला किती पैसे कमी पडतात तेही कळव. निम्मे मी देते, निम्मे तिघींनी वाजवून मिळवायचे.

तुझी,
आत्या