सांगानेरचा छापा आणि कास्तकाराचे दप्तर

मृग नक्षत्र तोंडावर आले असता वऱ्हाडातील कास्तकारास जयपूरनजीकच्या सांगानेरची हकिकत सांगणे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटेल. परंतु तेथील छिपा कारागीर लाकडी ठशांनी ज्या सेंद्रिय सुती कापडावर नाजूक फुलांची बुट्टी उमटवितात आणि जे कापड पुढे युरोपच्या पेठेत जाते, त्याच्या प्रमाणपत्राचा आरंभ सरकी रुजते त्या वावरात होत असल्यामुळे, पेरणीपूर्वीच या विषयाचा विचार करणे अगत्याचे आहे.

परदेशी पेठेच्या अटी दोन प्रकारच्या असतात. पहिल्या कायद्याच्या: कर्करोगकारक अमाइन सोडणाऱ्या अ‍ॅझो रंगांवर जर्मनीने १९९४ साली निर्बंध जाहीर केले, १९९७ साली आपल्या सरकारनेही अशा रंगांना मनाई केली, आणि २००२ साली युरोपीय संघाने कापडातील या अमाइनांची मर्यादा किलोमागे ३० मिलिग्रॅम ठरविली. सांगानेरी छपाईस २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले खरे; तथापि ते मालाच्या उगमाची ग्वाही देते, त्याने रंगांची तपासणी टळत नाही. दुसऱ्या अटी खरेदीदाराच्या, आणि सेंद्रिय कापडापुरते त्यांत प्रमुख मानक म्हणजे ‘गॉट्स’. कापडावर निःसंदिग्धपणे ‘सेंद्रिय’ असे लिहावयाचे तर त्यातील किमान ९५ टक्के तंतू प्रमाणित सेंद्रिय असावे लागतात; शिवाय जिनिंग, कताई, विणाई आणि छपाई या प्रत्येक पायरीचे प्रमाणन व्हावे लागते आणि छपाईच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करावी लागते.

या साखळीतील कास्तकाराची कडी सर्वांत जुनी व सर्वांत सहज तुटणारी. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार हंगामी पिकाच्या जमिनीस पेरणीपूर्वी दोन वर्षांचा रूपांतरकाळ सामान्यतः काढावा लागतो; म्हणून यंदा प्रारंभ करणाऱ्याने लगेच सेंद्रिय भावाची अपेक्षा न धरता उत्पादक गटात आपले नाव व गट क्रमांक रीतसर रुजू करून घ्यावा. बियाणे बीटी नसावे आणि रासायनिक प्रक्रिया केलेलेही नसावे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा ‘सुरज’ किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा देशी ‘एकेए-७’ यांची चौकशी आतापासून करावी, पिशवी व पावती जपून ठेवावी. चोरबीटीचे बियाणे कोणी कितीही आग्रहाने देऊ केले तरी घेऊ नये, कारण कापसाच्या नमुन्यांची जनुकीय चाचणी होते आणि एका शेताच्या भेसळीने साऱ्या गटाचा माल बाद होण्याची पाळी येते. शेजारच्या वावरातील फवारा वाऱ्याने आपल्या पऱ्हाटीवर येऊ नये यासाठी धुऱ्यालगत पुरेसा पट्टा सोडावा, तुरीच्या दाट ओळी घालाव्यात. निंबोळी अर्काची फवारणी असो वा शेणखताची गाडी, तिची तारीख त्याच सायंकाळी नोंदवहीत लिहावी. महिन्याभराने आठवून लिहिलेली वही तपासनिसास तत्काळ ओळखू येते.

सीतादही करून वेचणीस प्रारंभ कराल तेव्हा दव उडाल्यावरच वेचावे, कवडी कापूस वेगळा ठेवावा, आणि प्लॅस्टिकच्या पोत्यांऐवजी सुती कापडाच्या झोळ्या वापराव्यात. पोत्याचा एखादा तंतू रुईत गेला की तो सुतात उतरतो आणि रंग न घेता कापडावर तसाच राहतो, ज्यायोगे सांगानेरच्या कारागिराचे सारे श्रम वाया जातात.

विक्रीचे कागद दलालाच्या भरवशावर सोडू नयेत. २०२० साली भारतातील सुमारे २० हजार टन कापूस बनावट व्यवहार-प्रमाणपत्रांच्या आधारे सेंद्रिय म्हणून दाखविल्याचे ‘गॉट्स’ने उघड केले, आणि त्याकामी सरकारी संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल झाली होती; ज्यांनी प्रामाणिकपणे पीक घेतले त्यांच्याकडेही त्यानंतर संशयाने पाहिले गेले, ही गोष्ट मनाला फार लागते. म्हणून जिनिंगला गाडी लावण्यापूर्वी काट्याची चिठ्ठी, गटाची नोंद व सातबारावरील क्षेत्र यांचा मेळ स्वतः घालावा, आणि विकलेल्या क्विंटलांचा आकडा आपल्या क्षेत्रात पिकण्यासारख्या उत्पन्नाहून अधिक लिहिला गेला असेल, तर सही करण्यास नकार द्यावा.