बुकिंग बंद म्हणणारी बाई

भाऊबीजेला तुझ्या घरी आले तेव्हा काही बोलले नाही. ओवाळायला गेलेल्या बाईने भावाच्या घरातल्या राउटरला नावं ठेवू नयेत. पण ऐकलं सगळं. सूनबाई आतल्या खोलीतून दारात येऊन म्हणाली, "माझा आवाज त्यांना दोन सेकंदांनी पोचतोय." नातू गेममध्ये मेला आणि खापर आजीच्या सिरियलवर फोडून मोकळा झाला. आणि तू काय केलंस, तर राउटरचा स्विच बंद करून चालू केलास. दहा मिनिटं बरं चाललं, मग पुन्हा तेच. वर मला म्हणतोस, "आत्या, शंभरचा प्लॅन तीनशेचा केला, तरी रडगाणं तेच!"

अरे, तेच राहणार. माझी पहिली वीस-बावीस वर्षं ट्रंक एक्स्चेंजच्या बोर्डावर गेली आणि शेवटची दहा ब्रॉडबँडच्या तक्रारी ऐकण्यात. लोक तेव्हाही लाइनला शिव्या द्यायचे, नंतरही लाइनलाच. बहुतेक वेळा लाइन ठणठणीत असायची, गोची रांगेत असायची. तीनशे हा आकडा एका सेकंदात किती माल जातो ते सांगतो. एक चिठ्ठी जाऊन तिचं उत्तर यायला किती वेळ लागतो, ते त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. सूनबाईच्या व्हिडिओ कॉलला दोन-तीन मेगाबिट पुरतात. गेमला तर त्याहून कितीतरी कमी. त्यांना माल नको, त्यांची चिठ्ठी वेळेवर जायला हवी.

रांगेचं एक सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे. आमच्या गावाहून मुंबईला जायच्या लाइनी मोजक्या. सणाच्या दिवशी बुकिंगच्या चिठ्ठ्यांचा ढीग पडायचा. आमच्याकडे दोन सुपरवायझर होत्या. एक मायाळू, कुणाला नाही म्हणायच्या नाहीत. सकाळी अकराला पन्नासावा माणूस आला तरी चिठ्ठी घ्यायच्या. तो बिचारा रात्रीपर्यंत फोनजवळ बसून राहायचा, आणि ज्याला फक्त 'पोचलो' एवढंच कळवायचं होतं तोही त्याच ढिगाखाली. दुसऱ्या बाई कडक. ढीग वाढला की त्या सरळ सांगायच्या, "आता बुकिंग बंद, चारनंतर बघा." लोक चिडायचे, पण निघून जायचे, आपापली कामं करून चारला यायचे. त्यांच्या ड्यूटीत ज्याची चिठ्ठी घेतली त्याचा फोन अर्ध्या तासात लागायचा. लाइनी दोघींनाही तेवढ्याच होत्या, बरं का.

तुझा राउटर म्हणजे ती मायाळू बाई. आलेलं प्रत्येक पॅकेट पोटात ठेवून घेतो. मेमरी स्वस्त झाली तशी डबे बनवणाऱ्यांनी त्यांची पोटं वाढवली. वाटलं, काही हरवू नये. पण पाठवणाऱ्या फोनला किंवा कॉम्प्युटरला आपण जास्त रेटतोय हे बहुधा एकाच गोष्टीवरून कळतं, मधेच एखादं पॅकेट गळालं की. गळालंच नाही, तर तो रेटत राहतो. हिशेब करून बघ. पाठवायचा वेग सेकंदाला १० मेगाबिट असेल आणि डब्यात एक मेगाबाइट तुंबलं, म्हणजे आठ मेगाबिट, तर ते रिकामं व्हायला ८०० मिलिसेकंद लागतात. सूनबाईचं "हॅलो" त्या शेपटीला उभं. दोन-अडीच मेगाबाइट तुंबलं की दोन सेकंद झालेच.

आणि त्या दिवशी तुंबवलं कोणी? टीव्हीने नव्हे. आजीवर उगाच आळ आला. आपण ओवाळतानाचे फोटो आणि व्हिडिओ काढले, पाच फोन वायफायवर होते आणि पाचही फोन ते व्हिडिओ गुपचूप वर चढवत होते. त्यात तुझा दाराबाहेरचा कॅमेरा चोवीस तास पाठवतोय तो वेगळाच. तुझ्या बिलावर ३०० मोठ्या अक्षरात आहे, तो उतरवायचा वेग. पाठवायचा किती ते बारीक अक्षरात असतं, कधी नसतंही. बघून घे. पाठवायची वाट तुंबली की उतरवणंही लंगडतं, कारण उतरवलेल्या मालाच्या पोचपावत्या त्याच वाटेने परत जायच्या असतात. राउटर बंद-चालू केल्यावर दहा मिनिटं बरं का वाटलं, ते आता कळलं असेल. फोनांनी चढवणं थांबवलं होतं, जरा वेळाने पुन्हा सुरू केलं.

हे दुखणं आजचं नाही. १९८६ साली अमेरिकेत बर्कलेची प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ यांच्यात जेमतेम चारशे यार्डांचं अंतर, पण मधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला होता. म्हणजे सेकंदाला पाच अक्षरं. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर पाठवणाऱ्याने कसं आवरायचं ते शोधलं, त्यावरच आजचं नेट चालतं. पुढे २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांना स्वतःच्या घरच्या नेटवर हे फुगलेल्या पोटाचं दुखणं सापडलं आणि त्यांनी त्याला बफरब्लोट हे नाव दिलं. एवढा मोठा माणूस, त्याच्याही घरी हेच. तू लाजू नकोस.

आता काय करायचं ते. आधी मोजायचं. वेग मोजायचं ॲप तूर्त बाजूला ठेव, पिंग कर, म्हणजे एक चिठ्ठी पाठवून तिच्या उत्तराला किती वेळ लागतो ते बघ. लॅपटॉप केबलने राउटरला लाव, वायफाय बंद कर. कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग लिहिलंस की डिफॉल्ट गेटवे म्हणून एक आकडा दिसेल, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. तो तुझा राउटर. एका खिडकीत त्याला पिंग लाव, दुसऱ्या खिडकीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, चार वेळा आठ म्हणजे ८.८.८.८ लाव. विंडोजमध्ये पिंग चारदाच जातो नि थांबतो, म्हणून शेवटी आडवी रेघ आणि टी लिही, म्हणजे चालू राहील. थांबवायला कंट्रोल आणि सी. सकाळी सगळे झोपलेले असताना पाच मिनिटं बघ आणि आकडे वहीत लिही. मग एका फोनवरून मोठा व्हिडिओ वर चढवायला लाव आणि पुन्हा बघ.

केबलवर राउटरचं उत्तर एक मिलिसेकंदात किंवा त्याच्या आतच यायला हवं. ते तसंच राहिलं आणि बाहेरचा आकडा दहा-वीसवरून चारशे-पाचशेवर उडाला, तर ती मायाळू बाईच. केबल काढून वायफायवर राउटरचाच आकडा कधी तीन, कधी दोनशे असा नाचला, तर भानगड घरातल्या हवेत आहे, बाहेर नाही. आणि घरात दुसरं काही चालू नसताना, केबलवरसुद्धा बाहेरचा आकडा मोठा आला, तरच नेटवाल्याला फोन कर. हा क्रम मोडू नकोस. माझ्याकडे यायच्या त्यातल्या निम्म्या तक्रारी इथेच गळून पडायच्या.

मायाळू बाईवरचा उपाय उलटा वाटेल. वेग मुद्दाम थोडा कमी करायचा. लाइन प्रत्यक्षात जेवढं पाठवते त्याच्या नव्वद टक्क्यांवर आपल्या राउटरमध्ये मर्यादा घालायची, उतरवायला आणि पाठवायला वेगवेगळी. मग रांग नेटवाल्याच्या डब्यात लागत नाही, आपल्या राउटरात लागते, आणि तिथे आपण ती कडक बाई बसवू शकतो. सेटिंगमध्ये ती एसक्यूएम, एफक्यू-कोडेल किंवा केक अशा नावांनी सापडेल. कोडेल २०१२ चं, कॅथलीन निकोल्स आणि त्याच जेकबसन यांचं. पॅकेट रांगेत किती वेळ उभं आहे हे ते पाहतं. पाच मिलिसेकंदांच्या वर ताटकळणं चालूच राहिलं, की एखादं पॅकेट मुद्दाम टाकून देतं, म्हणजे पाठवणारा समजतो आणि हळू होतो. एफक्यूने प्रत्येकाला वेगळी रांग मिळते, त्यामुळे व्हिडिओ चढवणाऱ्या पाच फोनांच्या मागे सूनबाईला उभं राहावं लागत नाही. नव्वदवरही पिंग उडालाच, तर पंच्याऐंशीवर ये. कुठे थांबायचं ते ठरवायचं पिंग बघून, प्लॅनचा आकडा बघून नव्हे.

तुला नेटवाल्याने दिलेल्या डब्यात ही सोय बहुधा नसेल. क्यूओएस नावाचं एक बटण असतं, त्यावर फार भिस्त ठेवू नकोस. त्यात कुणाला पुढे सोडायचं ते ठरतं, पण रांगेची लांबी तशीच राहते. आमच्याकडे ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉल असायचे. सणाच्या दिवशी व्यापारी लाइटनिंगच बुक करायचे, मग लाइटनिंगचीच रांग लागायची. स्वतःचा वेगळा राउटर घेणार असशील तर ज्यावर ओपनडब्ल्यूआरटी चालतं असा बघ, आणि दुकानात विचार की एसक्यूएम चालू असताना तीनशेचा वेग झेपेल का. हे काम प्रोसेसरला जड असतं, स्वस्त राउटर शे-दोनशेतच धापा टाकतात. नवा राउटर घ्यायचा नसेल तर फुकटचं कर. सगळ्यांच्या फोनमधलं फोटोंचं बॅकअप वायफायवर आपोआप चढतं ते बंद कर, रात्री झोपताना चालू करा म्हणावं. कॅमेऱ्याचं रेझोल्यूशन उतरव. दारात उभ्या दूधवाल्याचा चेहरा फोरकेमध्ये बघून काय करायचंय?

हवेतल्या भानगडीचं थोडक्यात, कारण ती डोळ्यांना दिसते. तुझा राउटर लोखंडी कपाटामागे जमिनीजवळ आहे, का तर पाहुण्यांना दिसायला नको. तो बाहेर काढ, उंचावर ठेव, स्वयंपाकघरापासून लांब. मायक्रोवेव्ह आणि दोन पॉइंट चार गिगाहर्ट्झचं वायफाय एकाच पट्ट्यात ओरडतात. डोंबिवलीतल्या तुझ्या मजल्यावर चार फ्लॅट, वरखाली तेवढेच, प्रत्येकाचा एक राउटर. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच धर, एक, सहा आणि अकरा. म्हणून कॉलचा लॅपटॉप पाच गिगाहर्ट्झवर ने. ते दोन भिंतींपलीकडे दमतं, तेव्हा राउटर त्याच खोलीच्या जवळ हवा. वायफायवर एका वेळी एकच जण बोलतो, भजनात एकच जण अभंग उचलतो तसं. लांबच्या खोलीतला वहिनींचा जुना टॅब बाराखडी म्हणत बसला की बाकीचे ताटकळतात. म्हणून टीव्ही, गेमचा कॉम्प्युटर, जे जागचं हलत नाही ते सगळं केबलवर टाक. हवा मोकळी होते. आणि भिंतीच्या सॉकेटमध्ये लावतात तो रिपीटर घेऊ नकोस. तोच पट्टा वापरून ऐकायचं आणि तेच परत सांगायचं, वेळ दुप्पट.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच हातात नाही, अंतर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या आसपास जातो. मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेत साधारण ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन यायला ४० मिलिसेकंद तरी हवेतच. तारा काही सरळ जात नाहीत, तेव्हा प्रत्यक्षात त्याहून जास्तच. लंडन ७,२०० किलोमीटर. नातवाला सांग, गेममध्ये सर्व्हर निवडताना युरोप निवडलास तर आजीने टीव्ही बंद केला तरी उपयोग नाही. सूनबाईच्या ऑफिसचं व्हीपीएन लंडनमार्गे फिरत असेल, तर शेजारच्या टेबलावरच्या बाईशी बोलायलाही तिचा आवाज लंडनला जाऊन येतो. ते तिच्या आयटीवाल्यांना विचारायचं, तुझ्या राउटरला नव्हे.

नेटवाल्याला फोन करायची वेळ आलीच तर "स्लो आहे" म्हणू नकोस. स्लो म्हटलं की समोरची मुलगी राउटर बंद-चालू करायला सांगते, तिच्या कागदावर तसंच लिहिलेलं असतं. तिला वहीतून वाचून दाखव, सकाळी सहाला राउटर एक, बाहेर बारा. रात्री नऊला राउटर एक, बाहेर एकशे ऐंशी, शंभरातली चार उत्तरं आलीच नाहीत, लॅपटॉप केबलवर, घरात दुसरं काही चालू नाही. तीन दिवसांचे आकडे असू देत. असं बोलणारं गिऱ्हाईक मिळालं की मी स्वतः फाइल उचलून वर पाठवायची.

येत्या रविवारी मी येतेय, वहिनींना सांग, जेवायला. तोवर कपाट सरकव, वहीत तीन सकाळी आणि तीन रात्री भर, आणि वीस मीटर कॅट सिक्स केबल दोन्ही टोकांना पिन लावून आणून ठेव. पिन चांगली दाबून दिलीय का, ते दुकानातच लावून बघ.