एकट्याची वाट आणि खाडीची तर

पश्चिमेस अथांग सिंधुसागर आणि पूर्वेस सह्याद्रीची उत्तुंग रांग, यांच्यामध्ये पसरलेली चिंचोळी भूमी म्हणजे कोकण होय. महाराष्ट्राला लाभलेला समुद्रकिनारा ७०० किलोमीटरांहून अधिक लांबीचा आहे. पावसाळा सरल्यावर या किनाऱ्याच्या कडेकडेने, दुचाकीवर बसून, अलिबागपासून मालवणपर्यंत एकट्याने जावे, अशी हौस अनेक तरुणांच्या मनात उत्पन्न होते. कोणासाठी थांबावयाचे नाही, कोणाला विचारावयाचे नाही. मनास येईल तेथे मुक्काम करावा आणि मनास येईल तेव्हा पुढे निघावे, असे स्वातंत्र्य त्यांना हवे असते. हे स्वातंत्र्य मोलाचे आहे यात शंका नाही. तथापि कोकणचा किनारा अशा प्रवाशास पहिल्याच दिवशी एक निराळा पाठ देतो.

अलिबागच्या पुळणीसमोर समुद्रात कुलाबा किल्ला उभा आहे. ओहोटीच्या वेळी तेथे पायी जाता येते; भरती येताच ती वाट पाण्याखाली जाते. भरती दिवसातून साधारणपणे दोनदा येते आणि तिची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे काल ज्या वेळी वाट कोरडी होती, त्याच वेळी चार दिवसांनी तेथे पाणी असू शकते. किल्ल्याकडे निघण्यापूर्वी किनाऱ्यावर जाळे विणीत बसलेल्या एखाद्या कोळ्याला, "काका, पाणी केव्हा चढेल?" असे विचारणे, यातच शहाणपण आहे. कोणाला काही न विचारण्याचा निश्चय असा आरंभीच सोडावा लागतो.

पुढे मुरूडजवळ जंजिऱ्याचा अभेद्य जलदुर्ग दृष्टीस पडतो आणि थोड्याच अंतरावर, आगरदांड्याला, रस्ता एकाएकी संपतो! समोर राजपुरीची विस्तीर्ण खाडी पसरलेली असते आणि पलीकडच्या तीरावर दिघी गाव दिसत असते. दुचाकी कितीही वेगवान असली तरी येथे तिचा काय उपयोग?

रस्ता असा का तुटावा? सह्याद्रीवर पडणारा प्रचंड पाऊस पश्चिमेकडे धावणाऱ्या आखूड व वेगवान नद्यांतून समुद्राला मिळतो. या नद्यांच्या मुखांतून भरतीचे खारे पाणी दूरवर आत शिरते. अशा रुंद आणि खोल मुखांनाच आपण खाड्या म्हणतो. मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग या नद्या आतल्या भागात, जेथे त्यांची पात्रे अरुंद आहेत तेथे ओलांडतो. किनाऱ्याने जाणाऱ्याला मात्र खाडीच्या मुखाशीच थांबावे लागते.

तेथे त्याच्या साहाय्यास येते ती 'तर'. माणसांना पैलतीरी नेणाऱ्या नावेला कोकणात तर म्हणतात. पूर्वी ती साधी होडी असे. आता अनेक ठिकाणी माणसांबरोबर वाहनेही वाहून नेणाऱ्या मोठ्या फेरीबोटी चालतात. आगरदांडा ते दिघी ही या वाटेवरची पहिली फेरी. पुढे श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर मागे टाकल्यावर बागमांडला ते वेसवी ही दुसरी लागते. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री नदी येथे समुद्राला मिळते आणि खाडी ओलांडताच प्रवासी रायगड जिल्ह्यातून रत्नागिरी जिल्ह्यात येतो. तिसरी फेरी वाशिष्ठीच्या मुखाशी, दाभोळ ते धोपावे. आणि चौथी शास्त्री नदीच्या मुखाशी, तवसाळ ते जयगड.

धक्क्यावर बोटीची वाट पाहताना एकटा प्रवासी एकटा राहत नाही. डोक्यावर पाटी घेतलेली मासेविक्रेती, परीक्षेला निघालेले विद्यार्थी, आंब्याच्या पेट्या नेणारा बागाईतदार, माहेरी चाललेली सासुरवाशीण, असे सारे त्याच्या शेजारी उभे असतात. "कुठून आलात? जेवलात का?" असे प्रश्न आपुलकीने विचारले जातात. शेवटची फेरी सुटून गेली असेल, तर रात्रीचा निवारा कोठे मिळेल, हेही हीच माणसे सांगतात.

प्रवाशाला ही प्रतीक्षा गमतीची वाटते. परंतु खाडीकाठच्या लोकांना ती नेहमीच गमतीची नसते. दाभोळला फेरीबोट २००३ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी वाहनाने धोपाव्यास जावयाचे तर खेड-चिपळूणवरून शंभराहून अधिक किलोमीटरांचा वळसा पडे. घरात कोणी अत्यवस्थ असता समोरचा तीर दिसत असूनही एवढे अंतर तोडावे लागणे, हे केवढे संकट! म्हणूनच खाड्यांवर पूल व्हावेत, ही तेथील लोकांची मागणी रास्त आहे. तर नाहीशी होईल म्हणून एखाद्या हौशी प्रवाशाने हळहळावे; पण ज्याला रुग्ण घेऊन जावयाचे आहे, त्याचे दुःख त्या हळहळीपेक्षा मोठे आहे.

जयगडच्या पुढे गणपतीपुळे आणि लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान रत्नागिरी ही स्थळे लागतात. या भागात बहुतेक खाड्यांवर पूल आहेत. अखेर मालवण येते. समोर, १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी ज्याची पायाभरणी केली, तो सिंधुदुर्ग लाटांचे तडाखे सोशीत उभा असतो. एकट्याने शेकडो किलोमीटर आलेल्या त्या प्रवाशाला किल्ल्याच्या दारापर्यंत पोहोचावयाचे असते. आणि तेथेही, सुकाणू धरून बसलेल्या कोणा अनोळखी नावाड्याच्या होडीतच त्याला पाऊल ठेवावे लागते. एकट्याने प्रवास करावा, अवश्य करावा. त्यायोगे धैर्य वाढते. मात्र आपली वाट किती जणांच्या हातांनी पुरी होते, हे ज्याला उमगले, त्याचाच प्रवास सफल झाला, असे म्हणावे.

अभ्यास
१. कोकणात किनाऱ्याने जाणारा रस्ता ठिकठिकाणी का तुटतो?
२. पुलाविषयी हौशी प्रवाशाला काय वाटते आणि खाडीकाठच्या रहिवाशाला काय वाटते? तुम्हांला कोणाचे म्हणणे पटते व का?
३. नकाशात या पाठातील चारही फेऱ्यांची ठिकाणे शोधा.